दुमड

पँटची दुमड : सात पौंड.
नऊ वर्षं ही पाटी होती
स्टॉकपोर्टच्या मार्केट हॉलमध्ये,
चीजवाला आणि किल्लीवाला यांच्या मधल्या
माझ्या गाळ्यावर.
सातच का, हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही.
माझ्याआधी बसणाऱ्या बाईचे सात होते.
तिनं मशीन दिलं, स्टूल दिलं, खडूचा डबा दिला,
आकडा त्यातच आला.

मार्चमध्ये भाडं वाढलं.
रात्री ताटं उचलून मी वही उघडली
आणि पहिल्यांदाच एका दुमडीचा हिशेब मांडला.
जुनी शिवण उसवायला सहा मिनिटं.
मोजून टाचण्या लावायला पाच,
कारण गिऱ्हाईक आरशासमोर पोट आत घेतं
आणि पँट घालणार असतं ते पोट सोडून;
ते मला अंदाजानं धरावं लागतं.
इस्त्री. दोरा. वीज.
शिवायला म्हणाल तर तीन मिनिटं.
लोक बघत उभे असतात ती तीन.

बारा लिहिले. पुसले.
अकरा पौंड पंचाण्णव पेन्स लिहिले
आणि त्या कापलेल्या पाच पेन्सांची मलाच लाज वाटली,
पडद्यामागे लपलेल्या पोरासारखे ते,
खालून पाय दिसणारे.
पुन्हा बारा.

सकाळी भवानीलाच डेक्लन.
पाटी वाचली, मग मला वाचलं.
"बारा? शेजारी पाचात किल्ली मिळते."
मी म्हटलं, मग किल्ली घालून जा कामावर.
असं बोलायचं नसतं धंद्यात. बोलून गेले.
तो हसला, पँट ठेवून गेला.

दुपारी शिरोडकर वहिनी.
"आपल्या माणसांना किती गं?"
बारा, मी म्हटलं, खडू शोधत.
"भाव खायला लागलीस हं,"
हसत म्हणाल्या, आणि साडी पिशवीत परत गेली.
गणपतीला हॉलमध्ये भेटल्या तेव्हा
माझी नजर त्यांच्या चेहऱ्याआधी फॉलवर गेली.
दुसऱ्या कुणाचे टाके. एका जागी गोळा झालेले.
मी काही बोलले नाही,
पण बोलले नाही हे त्यांना कळलं.

आणि मिसेस ऑलरनशॉ,
नऊ वर्षं पडदे आणणारी, उशांचे अभ्रे आणणारी,
त्या आठवड्यात लेकीच्या लग्नातला
हिरवा कोट घेऊन आली.
अस्तर रेशमी, खांद्यापाशी विरलेलं.
"आता म्हटलं तुझ्याकडे द्यायला हरकत नाही.
सात पौंडांत कोण कोट देईल?"
कौतुकच होतं ते.
मी घरी जाईपर्यंत ते कौतुकच राहिलं.
मग भाकरी थापता थापता आठवलं:
तेच हात होते ना हे,
पडद्यांच्या वेळचे?

बटणाचं राहिलं.
बटण मी फुकट लावायचे.
वाटायचं, एवढ्याचे काय घ्यायचे.
लोक यायचेच नाहीत,
एका बटणापायी शर्ट टाकून देतील पण उपकार नकोत.
नव्या पाटीवर शेवटची ओळ घातली :
बटण, एक पौंड.
आता शनिवारी रांग लागते.

रांगेत मिस्टर हॅडफील्ड असतात,
बायको गेल्यापासून दर शनिवारी एक शर्ट.
परवाचं बटण हातात घेऊन पाहिलं.
दोरा झिजून तुटलेला नव्हता.
कात्रीनं सरळ कापलेला होता.

मी टाके घातले, सावकाश,
तीन मिनिटांऐवजी दहा.
ते मुलाबद्दल बोलले, कॅनडातल्या बर्फाबद्दल,
मग पौंड काढून टेबलावर ठेवला,
अगदी कडेला समांतर,
कुणाचं काही देणं नसलेल्या माणसासारखा.

मी घेतला.
परत केला असता
तर पुढच्या शनिवारी ते आले नसते.